'बलुतं' : दयेची कहाणी की मजुरीचा हिशेब?

दगडू मारुती पवार, म्हणजेच दया पवार, यांच्या 'बलुतं'विषयी मराठी सुशिक्षितांमध्ये एक सोयीस्कर समजूत रूढ झाली आहे. हे पुस्तक म्हणजे एका संवेदनशील माणसाने सोसलेल्या दुःखाची प्रांजळ कहाणी, ती वाचून वाचकाने अंतर्मुख व्हावे, डोळे पुसावे आणि पुस्तक पुन्हा फडताळात ठेवावे, अशी ती समजूत. तीत कौतुक भरपूर आहे. किंबहुना कौतुकाच्या भाराखाली पुस्तकातील मूळ आरोपपत्र गाडून टाकणे, हेच तिचे कार्य आहे. 'बलुतं' ही दयेची याचना नाही. ती न मिळालेल्या मजुरीची फिर्याद आहे. डाव्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनीसुद्धा हे पुस्तक पुष्कळदा पहिल्याच रीतीने वाचले आहे, आणि म्हणूनच त्याची फेरतपासणी करणे अगत्याचे आहे.

लेखकाच्या आयुष्याचा आलेख प्रथम ध्यानात घ्यावा. दया पवारांचा जन्म १९३५ साली अकोले तालुक्यातील धामणगावी झाला. हा तालुका आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात, पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कुशीत आहे. गावी महारवाडा आणि मुंबईत नागपाड्याजवळचा कावाखाना, या दोन टोकांमध्ये त्यांचे बालपण विभागले गेले. वडील गोदीत राबत. त्या वस्तीतील बायका रस्तोरस्ती चिंध्या, कागद, काचा वेचून संसार ओढीत. संगमनेरच्या वसतिगृहात राहून मुलाचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साधी नोकरी आणि त्यानंतर रेल्वेच्या हिशेबतपासणी खात्यात कारकुनी, असा त्यांचा मार्ग राहिला. १९७४ साली 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह आला. १९७८ साली 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने 'बलुतं' प्रसिद्ध केले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६ च्या डिसेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले.

एखाद्या सत्कार समितीच्या निवेदकाला हा आलेख फार आवडेल. महारवाड्यातून पद्मश्रीपर्यंत! प्रतिकूल परिस्थितीवर मात! परंतु 'बलुतं'च्या रचनेकडे पाहिले तर लेखकाने स्वतःच या विजयगाथेचा पाया उखडून ठेवला आहे, असे दिसून येईल. पुस्तकाच्या आरंभी शिकलेला, नोकरीपेशातला, कवी म्हणून नाव झालेला दया पवार उभा आहे आणि त्याच्यासमोर दगडू मारुती पवार. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. दोघे एकाच देहातले असले तरी एकाने दुसऱ्याला मागे टाकून पुढे जाता येत नाही. ज्याला समाज 'वर आलेला' म्हणतो तो माणूस खाली राहिलेल्याचा ऋणाईत आहे आणि ते ऋण फिटलेले नाही, हा या मांडणीचा अर्थ आहे. व्यक्तीच्या उन्नतीने समूहाच्या शोषणाचा प्रश्न सुटत नाही, हे सांगण्यास अनेक सिद्धान्तग्रंथांना शेकडो पाने लागतात. येथे ते काम दोन नावांनी केले आहे.

आता शीर्षकाकडे वळावे. बलुते म्हणजे काय? गावाची वर्षभर सेवा करणाऱ्या बलुतेदाराला सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा, अशी व्याख्या शाळेच्या पुस्तकात सापडते. ही व्याख्या खोटी नाही, पण अर्धी आहे. महाराने काय काय करावे याला मर्यादा नव्हती. सरकारी पाहुण्याच्या घोड्यापुढे धावावे, सारा वसूल होताना हाकाटी करावी, मेलेले ढोर ओढावे, मर्तिकाचा सांगावा चार कोसांवर पोचवावा, शिवेचे वाद उठले की साक्षीला उभे राहावे. कामाला वेळेचे बंधन नाही, दिवस आणि रात्र यांचा भेद नाही. आणि त्याबदल्यात जे मिळे त्याला माप नव्हते, मुदत नव्हती, करार नव्हता. खळ्याच्या कडेला उभे राहून हात पसरल्यावर देणाऱ्याच्या मर्जीने जे पदरात पडेल ते बलुते. कागदोपत्री त्याला 'हक्क' म्हणत आणि बावन्न हक्कांची यादीही अभिमानाने सांगितली जाई. परंतु जो हक्क मागताना मान खाली घालावी लागते तो हक्क नसतो, भीक असते. श्रम घेताना कर्तव्याची भाषा आणि मोबदला देताना दानाची भाषा, हे या व्यवस्थेचे सारे कसब होते.

१९१५ साली त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाची माहिती अफाट, निरीक्षण सूक्ष्म. पण गावगाड्याकडे पाहणारी ती दृष्टी महसुली अधिकाऱ्याची आहे. बलुत्याच्या रूपाने कुणब्याच्या खळ्यावरून किती धान्य जाते, याची चिंता तीत ठायी ठायी आढळते. 'बलुतं' हा त्याच गाड्याचा जोखडाखालून दिलेला जबाब आहे. गाडा तोच आणि आसही तीच, पण चाकाखाली कोण आले, हे वरच्या बैठकीवरून दिसत नाही. म्हणून मराठी ग्रामव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पहिल्याला समाजशास्त्र आणि दुसऱ्याला केवळ आत्मकथन म्हणण्याची जी पद्धत विद्यापीठांनी पाडली आहे, तीत ज्ञान कोणाचे आणि अनुभव कोणाचा याची जातवार वाटणी झालेली आहे.

या वाटणीचे राजकारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते काही कोणाच्या भावनांना हात घालण्यासाठी नव्हे. महाराला वतनाच्या तुकड्याला बांधून त्याचे श्रम फुकट लुबाडणारे सरकार आणि गाव या दोघांनाही त्यांना हिशेबाला उभे करावयाचे होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. हलकी गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ च्या ऑगस्टपासून अमलात आला. म्हणजे तीन दशके गेली! आणि वतन गेल्यावरही जमिनीचा प्रश्न सुटला नाही. वतनाची जमीन ठरावीक किंमत भरून नव्या शर्तीने परत मिळावी, परवानगीवाचून ती कोणी विकू वा घेऊ नये, असे कायदा म्हणतो. व्यवहारात त्या जमिनींना किती पाय फुटले हे प्रत्येक तालुक्याच्या तलाठ्याला ठाऊक असते. २०२५ साली पुण्यालगतच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे चाळीस एकर जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा पुष्कळ शहरी वाचकांना महार वतन नावाची काही गोष्ट अद्याप शिल्लक आहे, हे प्रथमच कळले. दगडू पवारच्या हकिकतीला 'भूतकाळातील व्यथा' म्हणणाऱ्यांनी या एका घटनेपुढे तरी थबकावयास हवे होते.

येथे डाव्या चळवळीच्या वाट्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जात ही वरच्या इमल्याची बाब आहे, पायातील उत्पादनसंबंध बदलले की ती आपोआप ढासळेल, हे सूत्र अनेक वर्षे शिबिरांतून पाठ करून घेतले गेले. 'बलुतं' हे सूत्र खोडून काढते, आणि तेही मार्क्सविरोधी कोणत्याही तत्त्वज्ञानाचा आधार न घेता. महाराने कोणते काम करावे, त्याचा मोबदला कोणत्या रूपात मिळावा, तो कोणी आणि केव्हा द्यावा, जमीन कोणाच्या नावे असावी, हे सारे जात ठरवीत होती. मग जात वरच्या इमल्यावर राहिली कोठे? ती पायातच चिणलेली आहे. ज्याला उत्पादनसंबंध म्हणावयाचे त्याचेच गावातील नाव जात असे होते. हे ज्याला समजले नाही त्याने गोदीतील कामगाराच्या सभेत वर्गाची भाषा केली, आणि तोच कामगार संध्याकाळी कोणत्या वस्तीत परततो हे विचारले नाही. मुंबईच्या गोदीत राबणारा बाप आणि महारवाड्यात जन्मलेला मुलगा ही एकाच घरातली माणसे होती. चळवळीने मात्र बापाला युनियनच्या खात्यात टाकले आणि मुलाला 'सामाजिक प्रश्ना'च्या.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडली. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र लढले, तेव्हा प्रस्थापितांच्या पायाखालची वाळू सरकली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि १९६४ च्या डिसेंबरात तो देशव्यापी पातळीवर पुन्हा उभा राहिला. पण जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांच्या नादी लागणे, असा आरोप पक्षातूनच होऊ लागला आणि पक्ष दुभंगला. अशा आरोपाचा लाभ कोणाला झाला? ज्यांच्या सातबाऱ्यावर गायराने आणि वतने चढत होती त्यांना. दोन्हीकडच्या सोवळेपणाने भूमिहीनाला एकटे पाडले, हा त्या काळाचा ताळेबंद आहे.

'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्यावर दोन दिशांनी हल्ला झाला होता. पांढरपेशा समीक्षेने त्याला वाङ्मयीन शिस्त, संयम, घाट यांच्या कसोट्या लावल्या आणि दलित समाजातील काही सुशिक्षितांना हा आपला उकिरडा चव्हाट्यावर आणण्याचा प्रकार वाटला. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची गरज नाही. खळ्यावर धान्याला माप नव्हते, तेव्हा पुस्तकाला मात्र घाटाचे माप असावे, ही अपेक्षा ज्यांची आहे त्यांनी ती जपावी. दुसरा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण त्यामागे जखम आहे. झाकलेली मूठ उघडली तर शत्रू हसेल, ही भीती खोटी नव्हती. तथापि लाज कोणी बाळगावी, हा खरा प्रश्न आहे. मेलेल्या ढोराचे मांस खावे लागले याची लाज खाणाऱ्याने बाळगावयाची की त्याच्या मजुरीवर वर्षभर डल्ला मारणाऱ्या गावाने? लाज आपल्या पदरातून काढून ज्याची त्याच्या दारात नेऊन टाकणे, हेच तर या पुस्तकाने केले. त्यानंतर लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दार एकदा उघडल्यावर ते मिटविणे कोणाला शक्य झाले नाही.

या पुस्तकाची मर्यादाही लपवू नये. दगडू आपल्या बायकोवर संशय घेतो, तिला टाकतो आणि ते सांगतोही. जातीने चिरडलेला पुरुष घराच्या उंबऱ्याच्या आत मालक होतो, हे कटू सत्य त्या पानांवर आहे. परंतु ते पुरुषाच्या तोंडून आले आहे, आणि टाकलेल्या स्त्रीचा जबाब तेथे नोंदला गेलेला नाही. तो पुढे बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने १९८६ साली आणि ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने २००३ साली स्वतंत्रपणे मांडला. धरणावर राबणाऱ्या बाईचे दुःख मांडणारे दया पवारांचे गीत मोर्चांतून सर्वांच्या तोंडी झाले. ज्या अकोले तालुक्यात हा कवी जन्मला तेथेच प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले होते, आणि त्याचे पाणी खाली उतरून उसाच्या मळ्यांत शिरले. डोंगरातील आदिवासी आणि भूमिहीन दलित यांच्या वाट्याला धरणाची भिंत आली आणि सखल भागाच्या वाट्याला पाणी. त्याच नदीवर खाली निळवंडे येथे दुसरे धरण झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हावयास २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. एका गीतात बसलेला हा हिशेब कोणत्याही सिंचन आयोगाच्या अहवालात इतक्या स्वच्छपणे उतरलेला नाही.

याच प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे ते कर्तृत्व होते आणि त्याने खासगी कारखानदारांच्या तावडीतून ऊस उत्पादकाला सोडविले, हे मान्य करण्यात डाव्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. सहकारात सभासद होण्यास जमीन लागते. ज्याच्या नावे जमीन नाही तो त्या सहकारात कोण? तो ऊसतोड कामगार. पाथर्डीच्या कोरडवाहू गावांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात जी बिऱ्हाडे निघतात त्यांना मुकादमाकडून उचल मिळते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि बाईची निराळी मजुरी कोठेच दिसत नाही. आगाऊ पैशाने बांधलेले श्रम, कुटुंबाने मिळून करावयाचे काम आणि ज्याला आपला हिशेब तपासता येत नाही असा कामकरी! खळे बदलले, बलुते बदलले नाही.

आणखी एक शब्द तपासून पाहावा, 'मानधन'. गावोगाव आरोग्याचे काम करणाऱ्या आशांना आणि बालकांना सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकांना शासन वेतन देत नाही, मानधन देते. कामाची यादी दरवर्षी वाढते, नोंदवह्यांची जागा मोबाइल घेतो, साथ आली की सुट्टी नाही, आणि मोबदल्याची गोष्ट निघाली की त्या 'स्वयंसेविका' असल्याचे स्मरण दिले जाते. श्रम घेताना कर्तव्याची भाषा, मोबदला देताना दानाची भाषा! बलुतेदारी १९५९ साली संपली असे मानणाऱ्यांनी या एका शब्दाचा उलगडा करून दाखवावा. राज्याने गावाची जागा घेतली आहे, इतकाच फरक.

आणि जेथे हिशेब मागण्याची किंवा केवळ माणूस म्हणून वागण्याची हिंमत होते तेथे गावगाडा अद्याप काय करतो, हेही याच जिल्ह्याने दाखविले आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनईजवळ मेहतर समाजातील तीन तरुण सफाई कामगारांची हत्या झाली. निमित्त होते उच्च जातीच्या मुलीवरील प्रेमाचे. २०१८ च्या जानेवारीत न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा तशाच संशयावरून बळी घेण्यात आला. त्या खटल्यातील साक्षीदार उलटले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार का उलटतात? ज्या गावात राहावयाचे, ज्याच्या शेतात कामाला जावयाचे, त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याची किंमत त्याला ठाऊक असते म्हणून. पुन्हा प्रश्न जमिनीचा आणि रोजगाराचा आहे. अत्याचारविरोधी कायद्याची अंमलबजावणी आणि शेतमजुराचे स्वावलंबन या दोन निरनिराळ्या मागण्या नाहीत, हे या एका निकालाने शिकविले पाहिजे.

लेखकाशी व्यवहार करण्याच्या सत्ताधाऱ्यांच्या रीती दोन आहेत. इराकचे कादंबरीकार गायिब तुमा फरमान यांनी बगदादच्या गल्लीतील गरिबांना आपल्या भाषेच्या कादंबरीत प्रथम सन्मानाने बसविले. त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीन दशके मात्र मॉस्कोत, रशियन पुस्तकांची अरबी भाषांतरे करण्यात गेली, आणि १९९० साली तेथेच परदेशात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी दया पवारांना दिल्लीत पद्मश्री मिळाली. एके ठिकाणी सत्तेने लेखकाला हद्दीबाहेर ठेवले, दुसऱ्या ठिकाणी त्याला व्यासपीठावर बसविले. पहिली रीत क्रूर आहे, आणि दोहोंची बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि दुसरी रीतही निरुपद्रवी नाही. हद्दपार लेखकाचे पुस्तक लोक चोरून वाचतात. सत्कार झालेल्या लेखकाचे पुस्तक अभ्यासक्रमात लागते, त्याच्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो, आणि 'लेखकाच्या संवेदनशीलतेचा परामर्श घ्या' असे विचारले की मजुरीचा हिशेब विचारण्याचे कारण उरत नाही.

कोणी म्हणेल, पुस्तक हे पुस्तक आहे, त्याचे पत्रक करू नका. हा इशारा योग्य आहे. 'बलुतं'मध्ये हसू आहे, वासना आहे, तमाशाचा नाद आहे, आजीची माया आहे, आणि या साऱ्यांमुळेच त्यातील माणसे जिवंत राहिली आहेत. परंतु पत्रक करू नका असे सांगणाऱ्यांनीच त्याचे देवघर केले आहे. पत्रकाला निदान उत्तर द्यावे लागते, देवघराला नुसता नमस्कार पुरतो.

म्हणून यापुढे कार्यकर्त्यांसमोर असलेले काम स्पष्ट आहे. दया पवारांच्या जयंतीला हार घालण्याचा कार्यक्रम अन्य संस्था करतील, त्यांना करू द्यावा. पक्षाच्या शाखांनी तालुक्यातील महार वतनाच्या जमिनींचे फेरफार काढावेत आणि त्या आज कोणाच्या ताब्यात आहेत याची यादी चावडीवर लावावी. ऊसतोडीच्या कोप्यांवर आणि आशांच्या बैठकीत 'बलुतं'ची चार पाने मोठ्याने वाचावीत आणि ऐकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : यातले तुमच्याकडे आज काय शिल्लक आहे? त्या प्रश्नाला जी उत्तरे येतील त्यांतून पुढच्या मोर्चाच्या मागण्या लिहाव्यात. दगडू पवारने आपल्या बाजूचा जमाखर्च १९७८ सालीच लिहून ठेवला आहे. देणेकऱ्याच्या सहीची जागा त्यात अजून कोरी आहे.